माझा दोन टक्केवाला विथड्रॉअल रेट आणि आईचं फॉल-पिको

२०२४च्या मे महिन्यात मी इथे एक पोस्ट टाकली होती, आठवत असेल काहींना. वयाच्या ४६व्या वर्षी नोकरीला रामराम, ऐरोलीचं ऑफिस बंद, डोंबिवलीची आठ चारची फास्ट बंद वगैरे वगैरे. खाली एक्सेलचा स्क्रीनशॉट. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट कॉर्पस, म्हणजे साठवलेली रक्कम, आणि विथड्रॉअल रेट, म्हणजे त्यातून दर वर्षी खर्चाला काढायचा हिस्सा, फक्त २ टक्के. लोकांनी भरभरून अभिनंदन केलं, "सर शीट पाठवा ना" म्हणणारे तर अजून इनबॉक्समध्ये येतायत.

आता गंमत बघा. खर्चाच्या पंचवीसपट पैसे असतील आणि सगळा खर्च त्यातूनच भागत असेल तर वर्षाला ४ टक्के निघायला पाहिजेत ना? मग माझे २ कसे निघत होते? एवढ्या लोकांत एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते बायकोने. त्याच रात्री, मी कमेंट्स वाचून दाखवत होतो आणि ती दहावीचे पेपर तपासत होती. पेपरवरून मान न उचलता म्हणाली, "छान आहे रे, पण मग मी कधी?"

ती अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, २००६ला लागली. १ नोव्हेंबर २००५नंतर लागली म्हणजे जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३च्या संपात गळ्यात ओळखपत्र अडकवून, उन्हात, "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडून आली होती आणि मी तेव्हा घरात बसून एसआयपीचं टॉप-अप करत होतो. आमचा महिन्याचा खर्च ९० हजार, त्यातले ४५ तिच्या पगारातून जातात. हा माझा दोन टक्क्यांचा पराक्रम.

वर्षाला चार टक्के काढले तर पैसे पुरतात हे जे सूत्र सगळे छातीठोकपणे सांगतात ना, ते बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४मध्ये मांडलं, तिकडच्या शेअर-बाँडच्या आकड्यांवर आणि तेसुद्धा ३० वर्षांच्या रिटायरमेंटसाठी. मी ४६ला सोडली, म्हणजे ३० वर्षांनी ७६. माझे बाबा आज ७५चे आहेत आणि रोज जिने चढून गच्चीवरची पाण्याची टाकी बघून येतात, सोसायटीने पंप ऑपरेटर ठेवलेला असूनसुद्धा. म्हणजे मला ४० वर्षांचा तरी हिशोब धरायला हवा. आणि महागाई धरायची तीही आपल्या इकडची.

आणि बाबांवरून आठवलं, लवकर रिटायर होणं हे काय यूट्यूबवाल्यांनी शोधलं नाहीये. आमच्याकडे त्याला व्हीआरएस म्हणायचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. २०००-०१मध्ये सरकारी बँकांनी स्कीम आणली, वय ४० किंवा नोकरी १५ वर्षं झालेली पाहिजे आणि झालेल्या दर वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा राहिलेल्या नोकरीचा पगार, जे कमी असेल ते. बाबांनी ५१व्या वर्षी घेतली. सत्काराला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. आमच्या बिल्डिंगमधल्या तिघांनी घेतली होती, संध्याकाळी कट्ट्यावर तोच विषय, कोण कुठे ठेवतंय. बाबांनी सहा लाखांची तीन वर्षांची एफडी केली, साडेनऊ-दहा टक्के, म्हणजे महिन्याला जवळपास पाच हजार, वर पेन्शन. आजोबांपासून घरात नियम एकच, मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजावर जगायचं.

आणि व्याजच गेलं. जानेवारी २०००पर्यंत १२ टक्के देणारं पीपीएफ मार्च २००३ला ८वर आलं, पोस्टाचं एमआयएस (मासिक उत्पन्न योजना) ८वर, आणि २००४ला बाबांची एफडी मॅच्युअर झाली तेव्हा बँकेत साडेपाच टक्के. पाच हजाराचे पावणेतीन हजार झाले. मार्केट पडलं की मोबाईलवर लाल दिसतं तरी, २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ पॉइंट पडला तेव्हा मला घाम फुटला होता. व्याज कमी होतं तेव्हा काहीच दिसत नाही. पासबुक तेच, काउंटर तोच, फक्त पावती रिन्यू करताना आकडा वेगळा छापून येतो.

त्यात पुढच्या वर्षी मी फ्लॅट घेतला. डाउनपेमेंटला बाबांनी त्या सहातले चार लाख दिले, काढताना एक शब्द बोलले नाहीत. मुद्दलाला हात न लावणारा माणूस. माझ्या एक्सेलमध्ये हे चार लाख कुठेच नाहीत. "घर : कर्जमुक्त" एवढंच लिहिलंय, हिरव्या रंगात.

मग तेव्हा घर चाललं कशावर? तर आईच्या फॉल-पिकोवर. व्हीआरएसच्या दुसऱ्याच महिन्यात तिने सेकंडहँड पिको मशीन घेतलं आणि गॅलरीत बसायला लागली. एका साडीचे पंचवीस-तीस रुपये. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत मशीनची ती घरघर चालायची, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. ११ वर्षं केलं तिने, गुडघे गेले तेव्हा थांबली. आणि नातेवाईकांत चर्चा काय, तर "यांनी बघा कसं वेळेत व्हीआरएस घेऊन सुखी झाले".

तर मी परवा शीट परत उघडली आणि बायकोच्या पगाराची ओळ शून्य केली. उद्या तिलाही थांबायचं असेल तर? वर्षाचा खर्च १० लाख ८० हजार, पंचवीसपटीने २ कोटी ७० लाख, तेवढे आहेत. पण ४० वर्षांसाठी मी निदान तेहतीसपट धरतो (वर्षाला साधारण ३ टक्केच काढायचे), म्हणजे साधारण ३ कोटी ५६ लाख. ८६ लाख कमी. त्यात कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम गेल्यामुळे आईबाबांची पॉलिसी वेगळी, तिचा प्रीमियम मी शीटमध्ये अंदाजे टाकलेला आणि खरा आकडा बघून खुर्चीत नीट बसलो. नोकरी सोडून दोन महिने होतायत तोच जुलै २०२४च्या बजेटमध्ये शेअर्सवरचा एलटीसीजी, म्हणजे दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर, १०चा साडेबारा टक्के झाला, ते अजून वेगळं. (सव्वा लाखापर्यंत माफ आहे, मान्य, पण चिडचिड झालीच.)

म्हणून जानेवारीपासून एका जुन्या मित्राकडे आठवड्याचे तीन दिवस काम घेतलंय. शेवग्याच्या शेंगा निवडून घ्यायला आणि बायकोचा डबा भरायला नुकतंच जमायला लागलं होतं, ते तीन दिवस सुटेल. ज्यांना शीट हवीये त्यांना पाठवतो, पण त्यात आता बायकोच्या रिटायरमेंटचा वेगळा कॉलम आहे, तो डिलीट करून वापरू नका.

काल आईबाबांकडे गेलो होतो. आईला विचारलं, फॉल-पिकोचे एकूण किती मिळाले असतील गं? म्हणाली, "मला काय माहीत, आले तसे दूधवाल्याला, वाण्याला गेले." बाबांकडे सगळ्या वर्षांच्या डायऱ्या आहेत, बँकेच्याच, एफडीच्या तारखा निळ्या शाईत, खर्च लाल शाईत. तासभर बसून २००१पासूनच्या चाळल्या. आईच्या कमाईची एकही नोंद नाही. २००६मध्ये एका पानावर फक्त एक ओळ सापडली, लाल शाईत : "पिको मशीन दुरुस्ती, रु. ३५०".