दाणे, दशमी आणि चालती गाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

गाडीच्या प्रवासात लहान मुलांना काय खायला द्यावं, या माझ्या लेखावर ‘दोन नातवंडांचे आजोबा’ या नावाने आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. गाडीत खाऊचे डबे ठेवले की मुलांना सतत चरायची सवय लागते. चार वर्षांखालच्या मुलांना चिक्की आणि खारे दाणे देऊ नका, हे सांगणं म्हणजे फाजील काळजी, कारण आमची पोरं एसटीत दाणे खातच मोठी झाली. आणि सीटखाली मुंग्या होतात. पहिला मान्य आहे, तिसऱ्यावर इलाज आहे. दुसरा मात्र मान्य नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

एसटीत मूल मांडीवर असतं, त्याचं तोंड मोठ्यांना दिसत असतं. गाडीत ते मागे, पट्ट्यांत बसवलेलं. चालवणाऱ्याला आरशात फार तर कपाळ दिसतं. सगळ्या दुधाच्या दाढा यायला अडीच-तीन वर्षं लागतात आणि दाणा नीट बारीक चावून गिळणं त्याच्याही नंतर जमतं. घास तोंडात असताना खड्डा आला किंवा मूल खिदळलं की श्वास झटकन आत जातो, त्याबरोबर दाणाही. श्वास पूर्ण अडकला तर आवाजच येत नाही. पुढच्या सीटवरच्यांना वाटतं, झोपलं बिचारं.

दाण्याचं दुखणं आणखी एक आहे. तो श्वासनलिकेच्या फाट्यात जाऊन बसला तर सुरुवातीला जोराचा ठसका येतो, मग मूल शांत होतं. पुढे त्यातल्या तेलाने आतून सूज येते, खोकला आणि घरघर सुरू होते आणि घरचे सर्दीचं औषध देत राहतात. साध्या एक्स-रेत दाणा दिसत नाही. तो भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागतो. तेव्हा दाणे खाताना ठसका लागला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, चार दिवस उलटले असले तरी.

चार वर्षांखाली नको, हाच नियम अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, फुटाणे, कडक चकली, गाजराचे कच्चे तुकडे आणि जेलीच्या कपांना. द्राक्षाचे उभे चार भाग करा. आडवे दोन केले तर चकती गोलच राहते आणि घशात बुचासारखी बसते. काडीवरचं चॉकलेट किंवा कुल्फी चालत्या गाडीत कोणत्याच वयाला नको. ब्रेक लागला की काडी टाळूत जाते.

दाण्याचं कूट चालतं, अगदी बारीक केलेलं आणि घरी आधी खाऊन पचलेलं. नवा पदार्थ पहिल्यांदा प्रवासात देऊ नका. अंगावर गांधी उठल्या तर घाटात दवाखाना शोधत बसावं लागेल.

तरीही अडकलंच तर? मूल मोठ्याने खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद, ओठ निळसर, तर गाडी कडेला घेऊन मुलाला पट्ट्यांतून बाहेर काढा. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर तळहाताच्या टाचेने पाच दाब. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. सुटेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. मूल निपचित पडलं तर छाती दाबणं सुरू करायचं.

आता चरण्याबद्दल. डबा मुलाच्या हाती दिला की ते चरणारच. डबा पुढे मोठ्यांच्या पायाशी, आणि मागे मुलाशेजारी कोणी बसलेलं असेल तरच चालत्या गाडीत घास. एकटे चालवत असाल तर फक्त पाणी, खाणं थांबल्यावर. पुणे-कोल्हापूर असेल तर सातारा आणि कराडला असंही थांबणं होतंच. तुम्ही म्हणता तसं थांबून गरम खाऊ घालावं, हे उत्तमच. डबा लागतो तो जोडसुट्टीला बोरघाटात गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असते तेव्हा. घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी थोडं कोरडं खाणं द्या. रिकाम्या पोटीही मळमळतं आणि वडापाव, दूध यांनी तर हमखास.

डब्यात दशमी ठेवा. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी दूध, दोन चमचे तूप, चिमूट मीठ. गूळ कोमट दुधात विरघळवून गाळून घ्या. दूध कढत असेल तर फाटतं. घट्ट भिजवा, पाण्याचा थेंब नको, लागलं तर दुधाचाच हबका. पोळीपेक्षा जाड लाटून मंद आचेवर भाजा, कारण गूळ पटकन करपतो. मग जाळीवर पूर्ण गार करा. गरम भरली की डब्याला आतून घाम सुटतो आणि दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो. बोटभर पट्ट्या कापून ठेवल्या की चुरा कमी पडतो. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. वर्षाच्या आतल्या बाळाला गुळाची नको. दहीभात मात्र घरून निघाल्यापासून दोन तासांत, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरात. बंद गाडी उन्हात उभी राहिली असेल तर सरळ टाकून द्या.

मुंग्यांपेक्षा मोठी अडचण पट्ट्याच्या बकलाची आहे. राजगिऱ्याचे दाणे, खाकऱ्याचा चुरा, सांडलेलं सरबत त्यात गेलं की पट्टा अडकल्यासारखा वाटतो, पण ‘टक्’ असा आवाज येत नाही. मग तो झटक्यात सुटू शकतो. प्रत्येक थांब्यावर बकल उलटं धरून झटका आणि पट्टा ओढून पाहा. तेल अजिबात सोडू नका, त्याला चुरा आणखी चिकटतो. मुलांच्या सीटखाली जुनी चादर अंथरा आणि मुक्कामी पोचल्यावर झाडा, म्हणजे मुंग्यांचंही भागेल.