'नफा नसता तर माणूस गुहेतच असता' हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "नफा नसता तर माणूस अजून गुहेतच असता" अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. एक, गेल्या पन्नास-साठ वर्षातले सगळे मोठे शोध खासगी कंपन्यांनी नफ्यासाठी लावले. दोन, वाईट वस्तू बाजारात आपोआप मरते कारण गिऱ्हाईक राजा आहे. तीन, फुकटची ॲप्स ही कंपन्यांनी समाजाला दिलेली भेट आहे. चार, सरकारी नियम आले की नवीन काही बनायचं थांबतं. पाच, ज्याला नफ्याचा त्रास होतो त्याने हातातला फोन फेकून द्यावा. असले मेसेज मी एरवी सोडून देते, पण हा माझ्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, उद्या हाच पोरगा कुठल्यातरी कंपनीत बसून लोकांनी वापरायच्या वस्तू बनवणार, आणि वर मला लिहितो "ताई, आता बोल काय बोलायचंय". म्हणून बोलते.

पहिला मुद्दा सरळ चुकीचा आहे. ज्या इंटरनेटवरून हा मेसेज आला त्याचं मूळ म्हणजे आर्पानेट, ते १९६९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून सुरू झालं. वेब, म्हणजे आपण वेबसाइट्स उघडतो ते, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत बनवलं आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्नने ते कुणालाही फुकट वापरायला मोकळं करून टाकलं. जीपीएस लष्कराचं. यात नफा कुठे होता?

अर्धं खरं आहे तेही सांगते. फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, त्याआधीचं मोठं काम ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी केलं होतं पण असाही कासेई या कंपनीत अकिरा योशिनो यांनीही केलं होतं. प्रयोगशाळेतली गोष्ट स्वस्तात लाखो लोकांच्या हातात पडायला कारखाना लागतो, भांडवल लागतं, आणि भांडवल लावणाऱ्याला नफ्याची आशा लागते, हे मान्य करावंच लागतं. पण नफ्यामुळे वस्तू घरोघरी पोचली असं म्हणणं वेगळं आणि नफ्यामुळेच शोध लागला असं म्हणणं वेगळं.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र माझं डोकं फिरलं. वाईट वस्तू बाजारात आपोआप मरते. बरं, मरते. पण ती ज्याच्या शरीरात बसवलीय त्याचं काय?

हे घडलेलं आहे. सेकंड साइट नावाची कॅलिफोर्नियातली कंपनी. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होत जातो आणि शेवटी काहीच दिसेनासं होतं, अशा लोकांसाठी त्यांनी आर्गस २ बनवलं. चष्म्यावर छोटा कॅमेरा, सोबत वागवायचा एक प्रोसेसर, आणि ऑपरेशन करून डोळ्याच्या आत पडद्यावर बसवलेले ६० इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे बारीक संकेत देणारे ठिपके. २०१३ मध्ये एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली, किंमत साधारण दीड लाख डॉलर. त्यातून दिसायचं ते उजेडाचे ठिपके, दाराची चौकट, समोर कुणीतरी उभं आहे एवढं. पण ज्याच्यापुढे वर्षानुवर्षं नुसता अंधार होता त्याला ते किती वाटलं असेल याचा विचार करा. म्हणजे वस्तू वाईट नव्हती. वापरणाऱ्यांनी ती नाकारलीही नव्हती.

२०१९ मध्ये कंपनीने आर्गस २ बंद केलं, कारण आता मेंदूत बसवायचं नवीन यंत्र करायचं होतं. २०२० च्या मार्चमध्ये पैसे संपत आले आणि बहुतेक कर्मचारी कामावरून काढले. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांच्यातल्या काहींना हे कंपनीकडून धड कळलंसुद्धा नाही. हे सगळं 'आयईईई स्पेक्ट्रम' या मासिकाने २०२२ च्या फेब्रुवारीत सविस्तर छापलं, आणि माझं इथलं बरंचसं म्हणणं त्या एका रिपोर्टवर उभं आहे, प्रत्येकाने तो वाचावा. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांच्या शरीरात या कंपनीची यंत्रं होती. एकाच्या मेंदूत गाठ असल्याची शंका आली, डॉक्टरांना एमआरआय करायचा होता, डोळ्यात हे यंत्र असताना तो करता येईल का हे विचारायला कंपनीशी बोलायचं तर तिकडून काही हाती लागेना. दुसऱ्याचा प्रोसेसर पडून फुटला, दुरुस्त करून द्यायला कंपनीत कुणी उरलेलं नव्हतं, त्याला ओळखीपाळखीतून दुसरा शोधावा लागला. बिघडलं तर डोळ्यातलं तसंच ठेवायचं नाहीतर पुन्हा ऑपरेशन करून काढायचं. आणि कंपनीचं काय झालं? ती २०२२ मध्येच औषधं शरीरात सोडणारी इम्प्लांट्स बनवणाऱ्या एका कंपनीत विलीन झाली.

आता मला सांगा, या गिऱ्हाइकाने कुठल्या दुसऱ्या दुकानात जायचं होतं? यंत्राचं सॉफ्टवेअर कंपनीचं, सुटे भाग कंपनीचे, कुठल्या सेटिंगला काय होतं ते कंपनीच्या लोकांनाच माहीत, आणि डोळा तेवढा त्या माणसाचा. इथे कुणी चोरी केली, फसवलं असंही मी म्हणत नाहीये. साडेतीनशे लोकांसाठी सर्व्हिस चालू ठेवणं परवडत नव्हतं, नफ्याच्या हिशोबाने निर्णय बरोबरच होता, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. त्या हिशोबात सगळं बरोबर करूनही माणूस अंधारात राहतो, कारण विक्री झाल्यानंतरचा माणूस त्या हिशोबात धरलेलाच नसतो. लहान प्रमाणात हे रोज होतं. रिव्हॉल्व्ह नावाचा घरातले दिवे वगैरे चालवणारा ३०० डॉलरचा डबा होता, विकताना लाइफटाइम सब्स्क्रिप्शन म्हणून विकला, नेस्ट या दुसऱ्या कंपनीने ती कंपनी घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद, डबा निकामी. बिघडला नव्हता, बंद केला.

आणि चांगली वस्तू तरी टिकू देतात का? १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स वगैरे बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन फीबस नावाचं कार्टेल, म्हणजे आपापसात स्पर्धा न करण्याची युती, केलं आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं, आधीचे बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. कमी तास चालणारा बल्ब जास्त चांगला उजेड देतो असं कारण होतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण मग ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कंपनीला दंड कशासाठी?

तिसरा मुद्दा, फुकट ॲप्स. भेट देणारा माणूस त्या बदल्यात तुमच्या घराची चावी स्वतःकडे ठेवून घेत नाही. फेसबुकचं जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींचं आहे, आणि लोकांची माहिती हाताळण्यावरून २०१९ मध्ये त्यांना अमेरिकेत ५ अब्ज डॉलर दंड झाला. यावर अजून काय लिहू.

चौथा, नियमांनी शोध थांबतात. आजच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया असलेल्या ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये लागला, खासगी कंपनीच्याच प्रयोगशाळेत, मान्य. पण १९५६ मध्ये अमेरिकन सरकारबरोबरच्या खटल्यात तडजोड होऊन बेलला आपली तोपर्यंतची पेटंट्स रॉयल्टी न घेता इतर कंपन्यांना द्यावी लागली, आणि त्यानंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक्स थांबलं की वाढलं हे सगळ्यांसमोर आहे. जवळचं उदाहरण हवं असेल तर चार्जर. युरोपने फोनला यूएसबी-सी हे एकाच प्रकारचं चार्जिंगचं तोंड सक्तीचं करायचा कायदा २०२२ मध्ये केला, तेव्हाही नवनिर्मितीचा गळा घोटला म्हणून ओरड झाली, आणि २०२३ मध्ये आयफोनला यूएसबी-सी आलं. कुणाचं काय अडलं?

राहिला पाचवा, फोन फेकून द्या. चालता फोन फेकून नवा घ्यावासा वाटायला आम्हाला कोण लावतं? २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने कबूल केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अपडेटमधून हळू केले जातात. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं, ते खरंही असेल, पण मग लोकांना सांगितलं का नाही? बॅटरी बदलली की फोन पुन्हा पहिल्यासारखा चालतो हे न कळल्यामुळे किती लोकांनी नवीन फोन घेतले असतील. फ्रान्समध्ये यासाठी त्यांना २५ दशलक्ष युरो दंड बसला, तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दलच.

मी फोन फेकणार नाही. मला तो दहा वर्षं वापरायचा आहे, उघडून घरच्या घरी बॅटरी बदलायची आहे, आणि युरोपात २०२७ पासून तशी सोय देणं कायद्याने बंधनकारक होतंय ते सगळीकडे व्हायला हवंय. आणि कुणाच्या डोळ्यात, छातीत, मेंदूत जी कंपनी काही बसवेल तिने त्याचं सॉफ्टवेअर, डिझाइन आणि काही वर्षांच्या सर्व्हिसचे पैसे विकण्याआधी तिसऱ्या कुणाकडे तरी जमा करावेत, हे परवडत नसेल तर तिने ते यंत्र माणसाच्या शरीरात बसवू नये.