बिबळ्या, वाम आणि लालबागचे काका

आज इथे सिडनीत लेबर डेची सुट्टी. सकाळपासून आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तळलेल्या वामीच्या तुकड्यांचे फोटो पडतायत. पाठवणारे काका. स्वतःचा नवरात्राचा उपास चालू आहे, पण दुसऱ्याच्या जखमेवर मीठ-मसाला चोळायला उपास आडवा येत नाही.

वामीचा संबंध असा की आमचं पॅरामाटा म्हणजेच वामींची जागा. इथल्या मूळच्या दारुग लोकांच्या ‘बुरामाटा’वरून गावाचं नाव पडलं, आणि रग्बी लीगचा आमचा संघ ईल्स, म्हणजे वामीच. समोरचा पेनरिथ म्हणजे पँथर्स. दोन्ही गावं सिडनीच्या पश्चिमेला, एकाच रेल्वेलाइनवर. दादरहून ठाण्याला जावं त्याहून थोडं लांब. काल, 2 ऑक्टोबर 2022ला, एनआरएलची, म्हणजे इथल्या रग्बी लीग स्पर्धेची, फायनल या दोघांत झाली.

“बिबळ्या विरुद्ध वाम?” काकांनी सोफ्यावर मांडी घालत विचारलं. “अरे, मग तिकिटं कसली काढतात लोक? निकाल नावातच लिहिलाय की.”

काका शेजाऱ्यांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेत. तरुणपणी लालबागच्या एका मंडळाच्या कबड्डी संघाचे उजवे कोपरारक्षक. मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच असतं. त्यात इथली घड्याळं नेमकी कालच पहाटे तासभर पुढे सरकली, त्यामुळे सामना साडेसातला आहे हे त्यांना पटवण्यातच माझा पहिला घाम निघाला. “दुपारी दोनची मॅच,” असं त्यांनी लालबागला फोनवर कळवून टाकलं आणि फोन चालूच ठेवला. पुढची 80 मिनिटं माझं समालोचन ऐकून ते फोनवर त्याचं भाषांतर करत होते.

“आज गांधी जयंती ना रे?” बॉल घेऊन पळणाऱ्या एकावर तिघे कोसळले तेव्हाचा हा प्रश्न. मग लगेच, “पकड झाली. बाद. आता उठतोय कशाला?”

“बाद नसतं काका. उठायचं, बॉल खाली ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. मागचा डमी हाफ तो उचलतो. समोर बचावाचे दोघेच थांबतात, बाकीच्यांनी दहा मीटर मागे जायचं. हे सहा वेळा. सहाव्या पकडीला बॉल समोरच्यांकडे.”

“म्हणजे ओव्हर.”

“ओव्हरच समजा.”

“मग नो-बॉल?”

दुर्दैवाने तोही आहे. बचाव करणारा पकडलेल्यावर मुद्दाम लोळत राहिला तर रेफ्री ‘सिक्स अगेन’ देतो, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काका फोनवर ओरडले, “बाळ्या, ओव्हर आहे, नो-बॉल आहे, फक्त बॅट नाही!”

पास मागेच द्यायचा, हातातून बॉल पुढे सुटला तर नॉक-ऑन, हे कळल्यावर मात्र ते गंभीर झाले. “पुढे जायचंय आणि मागे फेकायचं. आमच्या चाळीची पुनर्विकास समिती हाच खेळ खेळतेय.”

मला हसायला आलं नाही, कारण तेवढ्यात पेनरिथचा इझॅक टागो आमच्या लाइनपार जाऊन बॉल टेकवून उठला होता. ट्राय. चार गुण. वर नेथन क्लिअरीची कन्व्हर्जन किक, आणखी दोन. ती किक बॉल जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतून मारावी लागते, म्हणून ट्राय करणारा शक्यतो खांबांच्या मागे पळतो. काकांना वाटलं तो मिरवतोय.

खरं दुखणं ट्रायच्या आधीच सुरू झालेलं असतं, आणि ते टीव्हीवर पटकन दिसत नाही. पेनरिथची पोरं, विशेषतः डिलन एडवर्ड्स आणि ब्रायन टोओ, किक झेलली की पहिल्या दोन-तीन वेळा बॉल घेऊन स्वतःच धावतात. आपल्या लाइनपासून वीस मीटरवर सुरुवात आणि दर धावेला नऊ मीटर धरा: पाच पकडींनंतर पासष्टावर. तिथून, सहाव्या पकडीआधीच, क्लिअरीची किक आमच्या कोपऱ्यात. आम्ही सुरू करणार पाच मीटरवरून, दमलेले फॉरवर्ड धावेला सात मीटर काढणार, म्हणजे किक चाळिसावरून. ती त्यांच्या विसाव्या मीटरवर पडते आणि एडवर्ड्स पुन्हा धावत येतो. हे चक्र अर्धा तास चाललं की बचावाचे पाय दर पकडीला दहा मीटर मागे जाऊन शिशाचे होतात, आणि मग भोक पडतं.

“चढाई करणाऱ्यांना दमच द्यावा लागत नाही,” काका म्हणाले. “दम पकडणाऱ्यांचा जातो.”

हे इतकं अचूक होतं की मला त्यांचा जास्तच राग आला.

मध्यंतर, 18-0. काकांनी साबुदाण्याची खिचडी मागवली. माझी खाऊन झाल्यावर.

तेवढ्यात पडद्यावर दोन्ही कोच दिसले. पेनरिथचे आयव्हन क्लिअरी, नेथनचे वडील. आमचे ब्रॅड आर्थर, आणि राखीव खेळाडूंतला जेकब आर्थर त्यांचा मुलगा.

“दोन्हीकडे मुलगाच?” काकांचा चेहरा उजळला. “आणि तू मला सांगत होतास इथे सगळं वेगळं आहे!”

28-0 झाल्यावर अगदी शेवटी आम्ही दोन ट्राय केले, गदरसनचा आणि याच जेकबचा. काकांनी टाळ्या वाजवल्या. “लोण परतवलं नाही, पण बोनस घेतला,” असं लालबागला कळलं. 28-12. दुपारी त्याच मैदानावर बायकांच्या फायनलमध्ये न्यूकासलकडून आमच्या पोरी हरल्या, 32-12. एका दिवसात दोन फायनल आणि दोन्हीकडे बाराच गुण, हे काकांना मीच सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

1986नंतर ट्रॉफी नाही. 2001 आणि 2009च्या फायनलही हरलो. आणि आता सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, हिशोबात माहोनी बुलडॉग्जकडे, पापाली टायगर्सकडे, निउकोरे वॉरियर्सकडे. माहोनी आमचा डमी हाफ, दर पकडीनंतर बॉलला पहिला हात लावणारा माणूस. तोच निघाला. पेनरिथचेही जातात, पण त्यांच्या गल्लीगल्लीतल्या ज्युनिअर क्लबांतून पुढचा तयार होऊन येतो. आमच्याकडे उंच इमारती तयार होऊन येतात. क्रेन मोजा, फार तर.

आत्ता परत मेसेज आला. वाटलं, अजून एक तुकडी. नाही, प्रश्न आहे: “पेनरिथची जर्सी कुठे मिळेल? एक लार्ज, एक बाळ्यासाठी. येतोस का सोबत?”

जमणार नाही म्हणून कळवलं. तासाभराने फोटो आला, पेनरिथ स्टेशनचा. आणि आता आठवलं, त्यांच्या खिशात रेल्वे-बसचं ओपल कार्ड माझंच आहे.