फोटो काढणारा फोटोत नसतो

मे महिन्यात धुळ्यात दुपारी बारानंतर कोणी घराबाहेर पडत नाही. पारा पंचेचाळिसाकडे गेलेला, कूलरला पाणी पुरत नाही. अशाच एका दुपारी भाच्याला घेऊन ‘एव्हरेस्ट: बियॉन्ड द लिमिट’ पुन्हा बघायला बसलो. डिस्कव्हरीची जुनी मालिका. पहिला सीझन २००६ साली तिबेटच्या बाजूने चढलेल्या मोहिमेचा. आपल्याकडे ऊन सगळ्यात जास्त तापतं, त्याच दिवसांत तिकडे शिखरावरचा वारा थोडे दिवस पडतो आणि वर जायची वाट मोकळी होते. आई दारातून म्हणाली, “काय दखी राह्यना रे इतलं?” म्हटलं, “बरफ.”

पूर्वी बघितली तेव्हा मी मार्क इंग्लिसवर जीव टाकला होता. न्यूझीलंडचा माणूस, १९८२ मध्ये हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली गेलेले. एव्हरेस्टच्या वाटेवर त्याचा एक कृत्रिम पाय मोडतो, तो टेपने बांधून घेतो आणि १५ मे २००६ ला माथ्यावर पोचतो. मोहिमेचा प्रमुख रसेल ब्राइसही तितकाच आवडला होता. खाली दुर्बिणीला डोळा लावून वायरलेसवर एकेकाला विचारतो, ऑक्सिजन किती उरलाय, किती वाजले. वेळ संपली की परत फिर. लाखो रुपये भरून आलेल्या माणसाला शिखर डोळ्यांसमोर असताना ‘परत फिर’ म्हणणं सोपं नाही. मला आजही वाटतं, त्या मालिकेतली सगळ्यात मोठी हिंमत तीच आहे.

त्याच मोसमात डेव्हिड शार्प नावाचा ब्रिटिश गिर्यारोहक त्याच वाटेवर कपारीत बसल्या जागी मेला. तो या मोहिमेतला नव्हता, एकटाच चढत होता. तो मरत असताना जवळून चाळीसएक जण पुढे निघून गेले असं छापून आलं आणि जगभर वाद पेटला. माथ्यावर श्वासाला इथल्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच ऑक्सिजन मिळतो. खोलीत बसून त्या चाळिसांचा निवाडा करायला माझं मन धजत नाही.

पण यावेळी भाच्याने एक प्रश्न विचारला आणि मी अडकलो. पडद्यावर एक जण धापा टाकत खडकाला बिलगला होता. भाचा म्हणाला, “मामा, याचं शूटिंग कोण करतंय?”

शेर्पा. वरची कितीतरी दृश्यं शेर्पांच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून आलेली आहेत. म्हणजे ज्या जागी तो धापा टाकतोय, त्याच जागी दुसरा माणूस पाठीवर ऑक्सिजनच्या नळकांड्या घेऊन, त्याच्याकडे तोंड करून उभा आहे. दोर त्याच्या लोकांनी आधी जाऊन बांधलेत, तंबूही त्यांनीच आधी नेऊन लावलेत. आपल्याला त्याचा हातमोजा दिसतो, श्वास ऐकू येतो. चेहरा दिसत नाही. फुर्बा ताशी हे त्यांचे सरदार, ते मालिकेत दिसतात, त्यांचं नावही घेतलं जातं. त्यांनी पुढे एव्हरेस्टच्या एकूण एकवीस चढाया पूर्ण केल्या. पण गोष्ट त्यांची नाही. घर, आजारपण, स्वप्न, रडणं हे सगळं पैसे भरून आलेल्यांचं. शेर्पा ही एक जमात आहे, तिची भाषा आहे, देव आहेत, हेसुद्धा कित्येकांना माहीत नसतं. आपण तो शब्द हमालासारखा वापरतो.

आणि १९५३ चा तो फोटो आठवा. माथ्यावर बर्फाची कुऱ्हाड उंचावलेले तेनसिंग. तो काढला हिलरींनी. हिलरींचा माथ्यावरचा फोटोच नाही. जगाला एव्हरेस्टवर पहिला दिसलेला माणूस शेर्पा आहे. तिथून सुरुवात झालेली असताना पुढे कॅमेरा त्यांच्या डोक्यावर बांधला गेला आणि ते चित्रातून गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रात्री मी जुना अल्बम काढला. कॉलेजात असताना आम्ही नऊ जण अस्तंब्याला गेलो होतो. सातपुड्यातलं आपलं शिखर, १३२५ मीटर. धनत्रयोदशीला तळोद्याकडून यात्रा निघते, तेलासाठी अजून फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची ती जागा. आम्ही यात्रेत न जाता हिवाळ्यात गेलो, वाट माहीत नव्हती. खालच्या पाड्यावरचा, पावरा जमातीचा एक दादा सोबत आला. पायात साध्या चपला. उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला, त्याला त्याने पाठुंगळी घेतलं आणि दगडांच्या उतारावरून पाड्यापर्यंत आणलं. मध्ये कुठे टेकलासुद्धा नाही. त्याच्या घरी आम्ही भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. निघताना पैसे दिले, ते त्याने मोजले नाहीत.

माथ्यावरचा फोटो चांगला आलाय. नऊच्या नऊ जण, मागे सातपुड्याच्या रांगा. तो दादा त्यात नाही, कारण फोटो त्याने काढला. मी त्याला कॅमेरा धरायला शिकवलं होतं, बटण दाखवलं होतं. खाली डाव्या कोपऱ्यात त्याच्या बोटाची सावली आलीय. मी वीस वर्षं ही गोष्ट सांगतोय, दर वेळी ‘एक आदिवासी माणूस’ म्हणतो. त्याचं नाव आम्ही विचारलं होतं, एवढं मला पक्कं आठवतंय. नाव आठवत नाही.

त्या नऊ जणांपैकी कोणी हे वाचत असेल, आणि त्या दादाचं नाव, नाहीतर निदान पाड्याचं नाव लक्षात असेल, तर मला फोन करा. दिवाळीनंतर मी भाच्याला घेऊन तिकडे जाणार आहे. फोटोची एक प्रत काढून ठेवलीय.