वाकडं बोललं, सरळ लागलं

तिरकस बोलायची खोड काही लोकांना जन्मजात असते. मला आहे, आणि ती जात नाही. सरळ बोलायचं म्हणून तोंड उघडलं तरी वाक्य बाहेर पडताना जरा वळसा घेऊनच पडतं. लोकांना वाटतं हिचं बरंय, मनातलं बोलून मोकळी होते आणि वर कुणाच्या हाती सापडत नाही. कुठलं बरं हो! ज्याला टोमणा मारावा त्याला तो लागत नाही आणि जिचं मनापासून कौतुक करावं ती अबोला धरते, असा सगळा उलटा कारभार आहे.

आमच्या साहेबांनी एकदा जाहीर केलं की ऑफिसात मीटिंगा फार होतायत, तर त्या कमी कशा करायच्या यावर दर आठवड्याला एक मीटिंग घ्यायची. आता इथे गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं. म्हटलं, "सर, कल्पना छानच आहे, पण एकदम सुरू नको करायला, त्या मीटिंगचा अजेंडा काय असावा हे ठरवायला आधी एक छोटी मीटिंग ठेवूया ना." शेजारचे दोघं मान खाली घालून हसू दाबत होते. साहेबांनी डायरीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "गुड पॉइंट. हे तुम्हीच बघा." तेव्हापासून ती अजेंड्याची मीटिंग मी घेते, तिचे मिनिट्स मी लिहिते आणि जे येत नाहीत त्यांना रिमाइंडरही मीच पाठवते. सॉफोक्लिसच्या ग्रीक नाटकात ईडिपस राजा भर लोकांत जाहीर करतो की आधीच्या राजाचा खुनी सापडला की त्याला हद्दपार करायचं, आणि सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत असतं की खुनी हाच आहे, माहीत नसतं ते फक्त त्याला. स्वतःच्या तोंडाने स्वतःवरच फर्मान! त्या मीटिंगमध्ये बसले की मला ईडिपसबद्दल फार आपुलकी वाटते, फरक इतकाच की त्याच्या वाट्याला शोकांतिका आली आणि माझ्या वाट्याला एक्सेल शीट.

पण साहेब परवडले म्हणायची पाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या एका काकांनी आणली. काका आरोग्याच्या टिप्स पाठवतात. पहाटे पाठवतात, लांबलचक पाठवतात, आणि सोमवारच्या टिपेत जे कर म्हटलंय ते गुरुवारच्या टिपेत घातक असतं. एका पहाटे फोनच्या आवाजाने जाग आली त्या तिरमिरीत मी लिहिलं, "काका, किती उपयुक्त! आमचं सगळ्यांचं आयुष्य तुमच्यामुळेच वाढतंय, असंच रोज पाठवत जा." लगेच नमस्काराचे हात आले, फुलं आली, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचीही एक टीप सुरू झाली, "आपल्या ताईंच्या आग्रहास्तव" अशा हेडिंगखाली. सगळी सोसायटी आता माझ्याकडे बघते.

गंमत म्हणजे हा धोका हजारएक वर्षं जुना आहे. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात एक श्लोक उदाहरण म्हणून दिलाय, 'उपकृतं बहु तत्र किमुच्यते' असा सुरू होणारा. कुणीतरी आपल्याशी वाईट वागलेल्या मित्राला म्हणतोय की बाबा रे, केवढे उपकार केलेस, काय तुझा चांगुलपणा, असाच वागत राहा आणि शंभर वर्षं सुखाने जग. शास्त्रकार सांगतात की इथे शब्दांचा अर्थ बरोब्बर उलटा घ्यायचा, विपरीत लक्षणा. घ्यायचा, कबूल, पण तो घेणार कोण? श्लोकातल्या त्या मित्राने पुढे काय केलं हे ग्रंथात दिलेलं नाही. माझा अंदाज आहे की त्याने थँक्यू म्हटलं असणार आणि शंभर वर्षं तसाच वागला असणार.

बरं, समोरासमोर निदान आवाज असतो, भुवई असते. टाईप केलं की तेही गेलं. २००५ साली मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने हे समोरच्याला ७८ टक्के वेळा नक्की कळेल, प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच. यावर उपायही निघालेत की. १८९९ मध्ये आल्कांतर द ब्राम नावाच्या फ्रेंच कवीने उलट्या प्रश्नचिन्हासारखी एक खास उपरोधाची खूण सुचवली होती, ती चालली नाही. मग १९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फॉलमन यांनी विनोदाला विनोद म्हणून ओळखता यावं यासाठी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा काढला, कारण लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा कुणीतरी केलेला विनोद तिथे काही लोकांना खराच वाटला होता. शिकलेसवरले लोक हे! तो चेहरा मात्र जगभर पसरला. मीही काही दिवस वाक्याच्या शेवटी डोळा मारणारा चेहरा लावून पाहिला, पण नाही जमलं. उपरोधाला अशी खूण लावणं म्हणजे गुदगुल्या करण्याआधी नोटीस पाठवण्यासारखं आहे. शिवाय काकांनी त्या डोळा मारण्याचा काय अर्थ घेतला असता कोण जाणे.

मन रमवायला मग मी आपल्यासारखेच फसलेले लोक शोधते. सगळ्यात जवळचा वाटतो तो 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डिफो. हा स्वतः इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या बाहेरचा, आणि १७०२ मध्ये याने निनावी पत्रक काढलं की असल्या बाहेरच्या लोकांचा कायमचा निकाल लावून टाका. हेतू काय, तर कट्टर लोक किती टोकाचं बोलतात हे त्यांनाच ऐकवायचं. त्यातल्या काहींनी ते ऐकलं आणि म्हणाले वा, काय पटण्यासारखं लिहिलंय! लेखक कोण ते फुटल्यावर दोन्हीकडचे भडकले. १७०३ मध्ये त्याला तीन दिवस भर चौकात खोड्यात उभं केलं, वर तुरुंग. माझ्यावर नुसते मिनिट्स लिहायची वेळ आली, तेव्हा तक्रार तरी कशी करू.

नियतीचं मात्र बरं असतं, ती तोंड उघडत नाही त्यामुळे तिला कुणी जाब विचारत नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून एक विकलेलं पुस्तक परस्पर उडवलं, कारण विकणाऱ्याकडे त्याचे हक्कच नव्हते, आणि पुस्तक कुठलं, तर ऑर्वेलचं '१९८४', ज्यात सरकार नकोसा मजकूर भट्टीत टाकून नाहीसा करतं. एवढा बेमालूम टोमणा मला जन्मात जमायचा नाही.

इथवर एक वेळ सोसलं असतं. खरा जाच वेगळाच आहे, तो असा की एकदा तिरकस म्हणून नाव झालं की सरळ बोलणं बंदच पडतं. माझ्या नणंदेने चित्रकला शिकायला घेतली, पहिलंच मोठं चित्र काढलं, नदीकाठचं, आणि अहो खरोखर सुरेख होतं, पाण्यावरचा उजेड तर असा पकडला होता की मी बघतच राहिले. म्हटलं, "फारच सुंदर गं." खोलीत शांतता. म्हटलं, "नाही, खरंच." हा 'खरंच' फार घातकी, तो आला की उरलासुरला विश्वासही जातो. "मनापासून सांगतेय गं, हॉलमध्ये लावण्यासारखं आहे." तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "वहिनी, नसेल आवडलं तर तसं सांगा ना, एवढं कशाला?" नवऱ्याने रात्री मला बाजूला घेऊन समजावलं की निदान घरच्यांना तरी सोड. चित्र आता माळ्यावर आहे. मी ते खाली काढायचा विषय काढला की त्यातही काहीतरी खोच आहे असं सगळ्यांना वाटतं.

परवा सोसायटीची जनरल बॉडी होती आणि मला ताप भरला, चांगला सणसणून. ग्रुपवर लिहिलं, "ताप आहे, मीटिंगला येता येणार नाही, वाईट वाटतंय." यात एक अक्षर वाकडं नव्हतं. धडाधड हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले, कुणी लिहिलं 'एक नंबर', सेक्रेटरींनी तर अंगठा दाखवून 'आम्हालाही येतोय ताप' असं लिहिलं. फोन आला तो एकट्या काकांचा. ताप किती आहे, घरात कुणी आहे का, डॉक्टरकडे न्यायला येऊ का. मी म्हटलं, "काका, तुम्ही फोन केलात, फार बरं वाटलं." त्यांनी ते जसंच्या तसं घेतलं, ते सगळंच तसं घेतात, आणि कितीतरी दिवसांनी माझं एक वाक्य जसं निघालं तसंच पोचलं.

तेव्हापासून मला तापावरच्या टिप्स वेगळ्या येतात, पर्सनलवर, दिवसातून तीनदा. ताप कधीच उतरला. मी ठणठणीत बरी आहे असं त्यांना स्वच्छ शब्दांत कळवलं. उत्तर आलं, "म्हणजे टिप्स लागू पडतायत. चालू ठेवतो."