नाताळचा गोठा मांडताना घ्यायची काळजी

डिसेंबर आला की कोणी ना कोणी विचारतंच गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, कसा मांडायचा, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मरिया, योसेफ, बाळ, दोन-तीन मेंढपाळ, तीन मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), एक गाय, एक गाढव, एवढं पुरे. खाली कापूस पसरा (आपल्या हिशोबाने बेथलेहेमात कायम बर्फ असतो), वरून लायटिंगची माळ सोडा, फोटो काढा, फॅमिली ग्रुपवर टाका. पथ्य एकच आहे, गोष्ट तिथेच थांबवायची. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मागी घरी परतले की पुस्तक मिटायचं, कारण पुढच्याच म्हणजे तेराव्या वचनात देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो की ऊठ, बाळाला आणि आईला घेऊन मिसरात (इजिप्तमध्ये) पळ, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलाय, आणि हा गृहस्थ त्याच रात्री बायकापोराला घेऊन निघतो. ना व्हिसा ना अर्ज ना अपॉइंटमेंट. असलं काही पोरांसमोर वाचलं की पोरं नको ते विचारतात.

विचारलंच तर सांगायचं, अरे मिसर पण तेव्हा रोमन साम्राज्यातच होतं, मग कसले निर्वासित, आपली पुण्याहून इंदूरला बदली होते तसंच ते. मी चेष्टा करत नाहीये, अमेरिकेत चांगले शिकलेसवरलेले लोक हा मुद्दा अगदी गंभीर चेहऱ्याने मांडतात. हेरोदाचे शिपाई म्हणजे मग एचआरवाले म्हणायचे बहुतेक.

कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटच्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने मात्र हे पथ्य पाळलं नाही. २०१९च्या नाताळात त्यांनी चर्चबाहेर मरिया एका पिंजऱ्यात, योसेफ दुसऱ्यात, बाळ तिसऱ्यात असं ठेवलं, वर काटेरी तार. तेव्हा अमेरिकेच्या सीमेवर स्थलांतरितांच्या आईबापांपासून मुलं वेगळी केल्याचं प्रकरण ताजं होतं. आत चर्चमध्ये तिघं परत एकत्र ठेवलेली होती, पण आत कोण जाऊन बघतंय, बोंब मारायला बाहेरचं पुरतं.

आता बायबल. बायबल वाचा, जरूर वाचा, पण जपून. लेवीयचा १९वा अध्याय काढलात तर ३४व्या वचनाच्या आधीच शिंक आल्यासारखं करून पान उलटा, तिथे परदेशी माणसाला आपल्यातलाच समजा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, तुम्हीही मिसरात परकेच होतात, असं काहीतरी चिकटपणे लिहिलंय. त्यापेक्षा रोमकरांस पत्र, अध्याय १३ घ्या, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. जून २०१८मध्ये अमेरिकेचे अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवरच्या त्या धोरणाचं समर्थन करताना हाच अध्याय दाखवला होता. त्याच्याही आधी, १८५०च्या दशकात, पळून आलेले गुलाम मालकाला परत द्या म्हणणाऱ्यांनी तोच वापरला होता, म्हणजे माल चांगला टिकाऊ आहे. फक्त सात वचनं वाचून थांबायचं. दहाव्यात प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही असं येतं, आणि मागे बाराव्या अध्यायात पाहुणचार करा म्हणून सांगितलंय, हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला तरी एका मुद्द्यावर राहायला काय झालं होतं कळत नाही.

पाळक (चर्चचे धर्मगुरू) निवडतानाही बघून घ्या. २१ जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये बिशप मॅरिअन बडी यांनी समोर बसलेल्या ट्रम्प साहेबांना शांत आवाजात विनंती केली, घाबरलेल्या स्थलांतरितांवर दया करा. दया! तेही चर्चमध्ये! साहेबांनी माफी मागायला सांगितलं, आणि एका खासदाराने तर बाईंनाच डिपोर्ट करायच्या यादीत टाका म्हटलं. बाई जन्मल्या न्यू जर्सीत. म्हणजे मी राहतो तिथे, आमच्याच इथे, टर्नपाइक हायवेने पाठवा.

तुमच्या बायबल क्लासला हजेरी कमी असेल तर मात्र एक युक्ती आहे. अॅरिझोनात टूसॉनच्या साऊथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने २४ मार्च १९८२ला जाहीर केलं की ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोरहून जीव वाचवून पळून आलेल्यांना आम्ही आसरा देणार. मग सरकारने त्या मंडळीत खबरे घुसवले, अंगावर टेपरेकॉर्डर लपवून ते चक्क बायबल अभ्यासाला बसायचे. १९८६मध्ये पाळक जॉन फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले, तुरुंगात मात्र कोणी गेलं नाही. आमच्या क्लासला चहा-बिस्किटं ठेवून सुद्धा सहा जण येतात हो.

आणि उपासना वेळेत संपवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे पाळकसाहेब बाराच्या पुढे गेले की मागच्या बाकावर घड्याळं बघणं सुरू होतं, घरी मटण शिजत ठेवलेलं असतं, कोणीतरी मुद्दाम खोकतं, आणि "शेवटचा मुद्दा" म्हटल्यावर अजून तीन मुद्दे आले की आमच्या काकू पर्सची चेन जोरात लावतात. ही चेन नेदरलँड्सला पोचली असती तर बरं झालं असतं. तिथे उपासना चालू असताना पोलीस चर्चमध्ये कारवाईला शिरू शकत नाहीत असा कायदा आहे, म्हणून हेगच्या बेथेल चर्चने देशाबाहेर काढायच्या बेतात असलेल्या एका आर्मेनियन कुटुंबासाठी २६ ऑक्टोबर २०१८ला उपासना सुरू केली ती थांबवलीच नाही. रात्री तीनला स्तोत्र, पहाटे पाचला प्रार्थना, शेकडो पाळक गावोगावहून पाळी लावून येतायत. ९६ दिवस! ३० जानेवारीला, सरकार अशा शेकडो कुटुंबांच्या केसेस परत बघायला तयार झाल्यावर, शेवटचा आमेन झाला. मटणाचं काय झालं असेल विचार करा.

माझ्यासारखे एच-वन व्हिसावर (अमेरिकेत नोकरीसाठीचा) आलेले असाल तर "आम्ही लीगली आलो" हे पाठ करून ठेवा, चर्चमध्ये, देवळात, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही चालतं. फक्त जवळपास कोल्हापूरकर नाही ना बघा, तो वळिवड्याचा (कोल्हापूरजवळचं गाव) विषय काढेल. १९४३ ते ४८ तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बायका-मुलंच जास्त, सैबेरियाकडून हाल काढत आलेली. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक पण आहे, आपलेच लोक असली उदाहरणं जपून ठेवतात.

शेवटी आवराआवर. ६ जानेवारी (मागी आल्याचा सण) झाली की लगेच सगळं खोक्यात भरा, तेरावं वचन यायच्या आत. आमचा सेट आजीने नगरहून दिलेला, त्यातलं गाढव एकदा पडून पायातून तुटलं आणि मी घाईत फेविक्विकने पाटावर उलटं चिकटवलं (बायबलातल्या जन्माच्या गोष्टीत गाढव नाहीच म्हणा, तरी सगळे ठेवतात). बाकी सगळे बाळाकडे बघतात, ते एकटं दाराकडे तोंड करून उभं असतं. फिरवायला गेलं की पाय परत तुटतो.