‘इफ’नंतर ‘वॉज’ही चालतं आणि ‘विल’ही

इंग्रजीच्या शिकवण्यांमध्ये सध्या एक निळं कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतंय. त्यावर चारच ओळी. एक: ‘इफ’ आलं की ‘आय वॉज’ कधीच नाही, कायम ‘आय वेअर’. दोन: क्रियापद भूतकाळी असेल तर गोष्टही भूतकाळातलीच. तीन: ‘इफ’च्या वाक्यांचे प्रकार मोजून चार. चार: ‘इफ’च्या अर्ध्या वाक्यात ‘विल’-‘वुड’ वर्ज्य. परवा हे कार्ड नववीतल्या एका मुलाच्या वहीत चिकटवलेलं पाहिलं, तेव्हा राहवलं नाही.

सगळ्यांत जास्त घोळ पहिल्या ओळीने घातलाय. त्याच वहीत खाली वाक्य होतं, ‘इफ ही वेअर अ‍ॅब्सेंट यस्टरडे, ही मिस्ड द टेस्ट.’ कार्डाच्या हिशेबाने बरोबर, इंग्रजीच्या हिशेबाने चूक. तो काल आला होता की नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही. नसेल आला तर चाचणी बुडाली, एवढंच म्हणायचंय. हा साधा भूतकाळ, म्हणून इथे ‘वॉज’च हवं. ‘वेअर’ शोभतं ते जे नाहीच अशा कल्पनेला: ‘इफ आय वेअर यू’. तशा वाक्यांतही ‘वॉज’ बोलण्यात सर्रास येतं आणि छापील इंग्रजीत अठराव्या शतकापासून सापडतं. परीक्षेत किंवा अर्जात ‘वेअर’ लिहावं, हे मीही सांगतो. पण दुसऱ्याच्या ‘वॉज’वर लाल रेघ ओढायचं कारण नाही.

मुळात हे ‘वेअर’ अनेकवचन नव्हेच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मी होतो’ला ‘वॅस’ आणि ‘मी असतो तर’ला ‘वॅरे’ अशी दोन निराळी एकवचनी रूपं होती. पुढे शब्दांचे शेवट झिजले आणि दुसरं रूप अनेकवचनासारखं दिसायला लागलं. बाकी क्रियापदांत तर हा फरक पार पुसला गेला. हडलस्टन आणि पुलम या भाषाशास्त्रज्ञांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणात या ‘वेअर’ला सब्जंक्टिव्ह (इच्छा-कल्पना दाखवणाऱ्या रूपाचं रूढ नाव) म्हणायचंही नाकारलंय, ते नाव त्यांनी ‘आय सजेस्ट दॅट ही गो’ अशा रचनांसाठी राखून ठेवलं.

दुसऱ्या ओळीला मराठी माणसाने तरी फसू नये. ‘उद्या पाऊस आला तर सहल रद्द.’ रूप ‘आला’, दिवस उद्याचा! खिडकीपाशी उभं राहून आपण ‘जरा चौकशी करायची होती’ म्हणतो. ती करायची असते आत्ता. भूतकाळी रूप दरवेळी मागची वेळ दाखवत नाही, कधी नुसतं अंतर दाखवतं. ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’मध्ये तेच अंतर आहे, पाऊस यायची शक्यता कमी धरलीय. आपलं साधं ‘आला तर’ मात्र ‘इफ इट रेन्स’च्या जवळ जातं, एवढं भान ठेवायचं.

चार प्रकार? शिकवायला सोयीचे, बस. ‘इफ आय हॅड टेकन द मेडिसिन, आय वुड बी फाइन नाऊ’ यातलं अर्धं वाक्य तिसऱ्या खान्यातलं (मागे न घडलेलं), अर्धं दुसऱ्या (आत्ता नसलेलं). काल औषध घेतलं नाही आणि आज अंथरुणात आहे, असा माणूस दुसरं काय बोलणार?

उरली ‘विल’ची बंदी. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ हे अगदी रीतसर इंग्रजी आहे. त्यातलं ‘विल’ भविष्याचं नाही, तयारीचं आहे: जरा थांबता का? ‘इफ इट विल हेल्प, आय विल कम’ हेही ठीक, कारण उपयोग होणार तो येण्यानंतर.

‘वुड’च्या बाबतीत मात्र कार्डाचा धाक थोडा कामाचा आहे. आपली मुलं ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असं लिहितात. अमेरिकेत बोलताना हे ऐकू येतं, पण लेखी इंग्रजीत चूकच धरतात. तिथे ‘इफ आय हॅड नोन’ हवं. मुलांची चूक आळसातून येत नाही, मराठीच्या संकेतार्थातून येते. ‘मला माहीत असतं तर मी आलो असतो’ म्हणताना आपण दोन्हीकडे ‘अस’चीच रूपं घालतो, मग पोरं दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतात. कार्डावर एवढी एकच गोष्ट लिहिली असती, तर मीही ते चार जणांना पाठवलं असतं.